आकृती १७ आणि तिचं वाक्य

पोटमाळ्यावर शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून मी एका हाताने यंत्राचं झाकण धरलं होतं आणि दुसऱ्या हातात सहा इंची ई-रीडर होता. आल्मेरेतल्या नव्या घरांत असं यंत्र पुष्कळ ठिकाणी दिसतं. ते आतली कोंदट हवा बाहेर टाकतं, बाहेरची ताजी हवा आत घेतं आणि जाता जाता जुन्या हवेतली ऊब नव्या हवेला देतं. इथे सगळे त्याला ‘वेटेवे’ म्हणतात. त्याचे फिल्टर ठरावीक काळाने बदलावे लागतात. मॅन्युअल चौसष्ट पानांचं, डच भाषेतलं, पीडीएफ. आदल्या रात्री ते कॅलिबर नावाच्या प्रोग्रॅममध्ये टाकून एका क्लिकमध्ये मी त्याचं ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, केलं होतं. पडद्यावर वाक्य आलं: आकृती १७ मधला भाग ४ डावीकडे सरकवा. आकृती १७ कुठेच नव्हती. तिच्या जागी १, २, ३, ४ असे सुटे आकडे एकाखाली एक उभे होते.

यंत्रांची मॅन्युअलं लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. तरीही घरच्या मॅन्युअलच्या बाबतीत मी तीच चूक केली, जी बहुतेक जण करतात. पुस्तक म्हणजे पानं, आणि पानं एका साच्यातून काढून दुसऱ्या साच्यात ओतली की झालं, असं मी धरून चालले. कादंबरीच्या बाबतीत ते चालूनही जातं. सचित्र मॅन्युअलमध्ये मात्र खरी वस्तू असते ती चित्र आणि त्याच्या वाक्याची जोडी. जोडी फुटली की दोन्ही निकामी होतात. तेव्हा रूपांतर करताना बाकी काहीही सोडावं लागलं तरी चालेल, पण चित्र आणि त्याचं वाक्य एकाच पडद्यावर राहिलं पाहिजे. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी लिहिते आहे.

आल्मेरेत हा प्रश्न घरोघरी आहे. शहरच नवं. १९६८ साली दक्षिण फ्लेव्होलांडचा पोल्डर कोरडा झाला आणि १९७६ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात नगरपालिकेने लोकांना स्वतःचं घर स्वतःच्या मनाप्रमाणे बांधायला प्लॉट द्यायला सुरुवात केली. आल्मेरे पोर्टमधलं होमेरुसक्वार्टिर असंच उभं राहिलं. नवं घर म्हणजे नवी यंत्रं, आणि प्रत्येक यंत्रामागे एक पीडीएफ. ही संख्या वाढणारच आहे. युरोपीय संघाचा यंत्रांविषयीचा नवा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो आणि तो उत्पादकाला वापराच्या सूचना डिजिटल स्वरूपात द्यायची मुभा देतो. कागदी प्रत हवी असेल तर खरेदीच्या वेळी मागा. ती फुकट द्यावी लागते.

आता दुसरं पुस्तक. आई उन्हाळ्यात तीन महिने इकडे येते तेव्हा तिचं शिवणकामाचं जुनं मराठी पुस्तक बरोबर आणते. कटोरी ब्लाउजपासून परकर-पोलक्यापर्यंत सगळे आराखडे त्यात आहेत. पानं पिवळी पडली आहेत, बांधणी सुटली आहे. प्रत्येक आराखड्यावर ०, १, २, ३ असे बिंदू आणि समोर मापं: ० ते १ पूर्ण उंची, ० ते २ छातीचा चौथा भाग, वगैरे. ते पुस्तक तिला ई-रीडरवर, मोठ्या अक्षरात हवं होतं. डच यंत्राचं मॅन्युअल आणि मराठी शिवणकामाचं पुस्तक, या दोघांनी मिळून मला हे काम शिकवलं.

सगळ्यात आधी पट्टी घेऊन हिशेब करा. ए-फोर पान २१ गुणिले २९.७ सेंटिमीटर असतं. सहा इंची ई-रीडरचा पडदा साधारण ९ गुणिले १२ सेंटिमीटर. म्हणजे पान चाळीस-एक टक्क्यांवर येतं आणि दहा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं होतं. ते कुणालाच वाचता येणार नाही. तेच पान दहा इंची पडद्यावर जवळजवळ सत्तर टक्के राहतं आणि वाचता येतं. तुमच्याकडे कोबो एलिप्सा किंवा किंडल स्क्राइबसारखा मोठा पडदा असेल आणि मॅन्युअल क्वचितच उघडायचं असेल, तर रूपांतराच्या भानगडीत पडूच नका. पीडीएफचे समास कापा आणि तसंच वाचा. हा सल्ला मी मनापासून देते, कारण एका चांगल्या रूपांतराला दोन-तीन संध्याकाळी जातात. ज्या पुस्तकाकडे वर्षानुवर्षं परत परत जायचं आहे, त्याच्यासाठीच त्या खर्च कराव्यात.

मधला एक मार्गही आहे. के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम पानावरचे शब्द चित्राच्या तुकड्यांसारखे उचलतो आणि लहान पडद्याच्या रुंदीत पुन्हा मांडतो. त्याला भाषा कळण्याची गरज नसते, त्यामुळे जुन्या मराठी स्कॅनवरही तो चालतो. पान जवळजवळ सगळंच चित्रांनी भरलेलं असेल, जोडणीच्या पायऱ्या नुसत्या रेखाटनांत दाखवल्या असतील, तर किंडल कॉमिक कन्व्हर्टर वापरून पाहा. तो कॉमिकसाठी लिहिलेला असला तरी समास छाटून पान नेमकं तुमच्या पडद्याच्या मापात बसवतो. या दोन्ही पद्धतींत अक्षराचा आकार बदलता येत नाही आणि शोध घेता येत नाही. तात्पुरत्या कामाला त्या पुरतात.

खरं रूपांतर म्हणजे पुस्तक उलगडून पुन्हा बांधणं. पीडीएफला परिच्छेद म्हणजे काय हे ठाऊक नसतं. कोणतं अक्षर पानावर कुठल्या बिंदूवर छापायचं एवढंच त्यात लिहिलेलं असतं. म्हणून दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, पानाचा क्रमांक वाक्याच्या मधोमध येतो, आणि आकृतीतले आकडे मजकूर समजून बाहेर काढले जातात. माझ्या पोटमाळ्यावर नेमकं हेच झालं होतं. कॅलिबर हा उत्तम प्रोग्रॅम आहे. कोविद गोयल यांनी २००६ साली, कॅलटेकमध्ये भौतिकशास्त्र शिकत असताना, सोनीच्या ई-रीडरसाठी तो लिहायला घेतला, आणि आज जगभरचे वाचक तो फुकट वापरतात. पण पीडीएफ हा रूपांतरासाठी सर्वांत वाईट प्रकारांपैकी एक आहे, असं त्याच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे. ते आधी वाचलं असतं तर माझी शिडीवरची एक फेरी वाचली असती.

पेन्सिल घेऊन पुस्तक एकदा सबंध चाळा. परदेशी यंत्रांच्या मॅन्युअलमध्ये पुष्कळदा चार-सहा भाषा एकापाठोपाठ असतात. आपल्याला हवी ती ठेवा. हमीची अट, सुट्या भागांची लांबलचक यादी मूळ पीडीएफमध्ये राहू द्या. धोक्याच्या सूचना मात्र कधीही गाळू नका. त्या बहुधा पहिल्या दोन पानांत कोंबलेल्या असतात आणि तिथून कुणी वाचत नाही. मी त्या उचलून ज्या पायरीला लागू आहेत तिच्या लगेच आधी ठेवते. ‘आधी प्लग काढा’ हे वाक्य झाकण उघडण्याच्या चित्राच्या वर असलं पाहिजे.

मजकूर काढताना डच किंवा इंग्रजी पीडीएफ फारसा त्रास देत नाही. कॉपी करून लिबरऑफिस राइटरमध्ये चिकटवा आणि तुटलेल्या ओळी सांधा. मराठीत मात्र पहिल्याच पायरीवर अडतं. आपल्याकडची वर्षानुवर्षांची पुस्तकं श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, पण कॉपी केलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांग उगवते. फॉन्टचं नाव पीडीएफच्या गुणधर्मांत दिसतं. ते शोधून त्याच फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरावा लागतो, आणि तरीही रफार आणि पहिली वेलांटी जागा चुकतात. त्यापेक्षा पान चित्र म्हणून घेऊन ओसीआर करणं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून घेणं, मला पुष्कळदा सोपं पडलं. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये मराठीची वेगळी भाषा-फाइल आहे, आणि गूगल ड्राइव्हवर टाकलेलं स्कॅन डॉक्समध्ये उघडलं तरी मजकूर मिळतो. स्कॅन ३०० डीपीआयपेक्षा कमी नको, आणि पान सरळ हवं. शिरोरेषा तिरकी झाली की ओसीआर गडबडतं.

ओसीआरनंतरचं मुद्रितशोधन टाळता येत नाही. कादंबरीत ‘घर’चं ‘धर’ झालं तर वाचक समजून घेतो. शिवणकामात ५ चे ६ झाले किंवा पाऊण इंचाचा अपूर्णांक गळला तर मुंढा चुकतो आणि कापड वाया जातं. म्हणून आकडे मी मजकुराबरोबर तपासत नाही; त्यांची वेगळी फेरी करते. एक जण मूळ पुस्तकातून मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावर खूण करतो. आईबरोबर हे करताना छापील पुस्तकातलीच एक चूक सापडली. चाळीस वर्षं आई ती मनातल्या मनात दुरुस्त करून कापत आली होती. ती दुरुस्ती आता चौकटीत, ‘मूळ छपाईत असं आहे’ या टिपेसह आहे. मूळ आकडा गुपचूप बदलू नये.

आता चित्रं, म्हणजे कामाचा गाभा. पीडीएफमधली छायाचित्रं सहज बाहेर काढता येतात, पण तांत्रिक रेखाटनं बहुधा रेषांच्या सूत्रांनी बनलेली असतात आणि चित्रं काढणाऱ्या प्रोग्रॅमला ती दिसतच नाहीत. त्यावर साधा उपाय असा, की ते अख्खं पान ६०० डीपीआयवर चित्र म्हणून उतरवायचं आणि त्यातून आकृती कापून घ्यायची. रेखाटन पीएनजीमध्ये ठेवा, छायाचित्र जेपेगमध्ये. जेपेग बारीक रेषांच्या कडेला धूसर ठिपके सोडतं. काळ्या-पांढऱ्या ई-इंक पडद्यावर राखाडीच्या फक्त १६ छटा असतात, त्यामुळे फिकट राखाडी रेषा नाहीशी होते; ती आधीच गडद करा. लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे थंड असं रंगावरून ओळखायचं असेल तर तो भेद बाण किंवा अक्षराने दाखवा, कारण राखाडीत दोन्ही सारखेच दिसतात. रंगीत ई-रीडर आता आले आहेत, पण त्यांतले रंग फिके असतात आणि रंगीत भागाची स्पष्टताही निम्मी, ३०० ऐवजी १५० ठिपके प्रति इंच. त्यांच्या भरवशावर आकृती तशीच सोडू नका.

आकृती १७ चं मी काय केलं ते नीट सांगते. मूळ चित्रात अख्खं यंत्र सुटं करून दाखवलं होतं: चौदा भाग, चौदा रेषा आणि रेषांच्या टोकांना डच नावं. सहा इंचांत ते मुंग्यांसारखं दिसत होतं. मी त्याची तीन चित्रं केली. पहिल्यात सबंध यंत्र, पण फक्त तीन ठळक भाग आणि पुढच्या दोन चित्रांच्या चौकटी. दुसऱ्यात झाकण आणि खिटी. तिसऱ्यात फिल्टरचा खण. नावं पुसून त्यांच्या जागी मोठे आकडे घातले आणि नावं खाली खऱ्या मजकुरात आणली, म्हणजे अक्षर मोठं केलं की नावंही मोठी होतात. मग ‘आकृती १७ मधला भाग ४ डावीकडे सरकवा’ हे वाक्य तिथून उचलून दुसऱ्या चित्राखाली आणलं आणि ‘खिटी (४) डावीकडे सरकवा’ असं केलं. चार शब्दांचं वाक्य आणि त्याच्या वर चित्र. बोट दाबून चित्र मोठं करण्याचीही गरज उरली नाही.

छापील पुस्तकांनी ही जोडी आकड्यांच्या बळावर सांभाळली. बी. के. एस. अय्यंगारांचं १९६६ सालचं ‘लाइट ऑन योगा’ आठवून पाहा: सहाशेच्या आसपास छायाचित्रं, आणि कृतीच्या वाक्यातच त्या त्या छायाचित्राचा क्रमांक. दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी बडोद्यातून दहा खंडांत काढलेला व्यायामज्ञानकोशही असाच, करून बघायचा ग्रंथ. कागदावर बोट एका पानात आणि डोळे दुसऱ्या पानावर ठेवता येतात. ई-रीडरवर बोट ठेवायला दुसरं पान नाही. तिथे एक चित्र तीन ठिकाणी लागत असेल तर ते तीनदा घाला. फाइल थोडी फुगेल, फुगू द्या. दुवा देऊन वाचकाला इकडून तिकडे पाठवण्यापेक्षा ते बरं, कारण ओल्या किंवा धुळीने माखलेल्या हातांनी दुव्यावर बोट ठेवणं आणि परत येणं जमत नाही.

बांधणी अशी. लिबरऑफिस राइटरमध्ये मजकूर लिहा आणि प्रकरणांना, पायऱ्यांना ‘शीर्षक १’, ‘शीर्षक २’ या शैली लावा. नुसतं ठळक आणि मोठं करू नका, कारण अनुक्रमणिका शैलींवरून तयार होते. चित्र परिच्छेदात अक्षरासारखं अँकर करा, तरंगतं ठेवलंत तर ते भलतीकडे जाईल. फाइल .docx म्हणून साठवा आणि ती कॅलिबरला द्या. तिचं ईपब चांगलं होतं. ईपब म्हणजे खरं तर वेबपानं, चित्रं आणि एक शैलीपत्रक यांची झिप केलेली पिशवी आहे, आणि ती कॅलिबरच्या संपादकात किंवा सिगिल या ईपब-संपादकात उघडून हात घालता येतो. तिथे तीनच गोष्टी करा. चित्र आणि त्याची ओळ एका ‘फिगर’ टॅगमध्ये बांधा. त्या फिगरला ‘आतून पान तोडू नये’ हा नियम लावा. आणि चित्राची रुंदी शंभर टक्क्यांच्या वर जाऊ नये असं लिहा. तक्त्यांना तीनपेक्षा जास्त रकाने असतील तर ते मोडा: प्रत्येक मापासाठी एक छोटा परिच्छेद करा. बत्तीस छाती, चौतीस छाती, छत्तीस छाती, प्रत्येकाखाली तिची मापं. आईला ते तक्त्यापेक्षा जास्त आवडलं.

मराठीसाठी आणखी दोन कामं आहेत. पुस्तकाची भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवा, हिंदी नको. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे असतात आणि भाषेच्या नोंदीवरून ते निवडले जातात. फॉन्ट पुस्तकातच बसवा. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ हे मुक्त परवान्याचे फॉन्ट त्यासाठी चालतात. मग ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘टक्स’, ‘मुंढ्याच्या’ असे शब्द प्रत्यक्ष यंत्रावर पाहा. ‘ऱ्य’ दोन वेगळ्या प्रकारे टाइप करता येतं, दिसायला दोन्ही एकच, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. शोधा-आणि-बदला वापरून सगळीकडे एकच प्रकार करा. कोबोवर साधी ईपब आणि कोबोची स्वतःची केपब या फाइल दोन वेगळ्या इंजिनांतून वाचल्या जातात. एकात जोडाक्षर तुटलं तर दुसऱ्यात पाहा. किंडलला यूएसबीने ईपब चालत नाही. ‘सेंड टू किंडल’मधून पाठवा, जुन्या मोबी प्रकाराच्या मागे लागू नका. पाठवण्याआधी ईपबचेक हा तपासनीस चालवा. त्याने दाखवलेल्या चुका दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रत्येक चित्राला दोन ओळींचं शब्दवर्णनही लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांचा ई-रीडर किंवा फोन ते वाचून दाखवतो. २८ जून २०२५ पासून युरोपीय संघात विक्रीच्या ई-पुस्तकांना सुलभतेचा कायदा लागू आहे. घरगुती फाइलला तो लागू नाही, पण वर्णन लिहिताना चित्र नेमकं काय सांगतं हे आपल्यालाच उमगतं. ‘ब्लाउजचा आराखडा’ हे वर्णन झालं नाही. ‘पाठीचा भाग, घडी डावीकडे, गळा वर, मुंढ्याची वळणरेषा बिंदू ५ ते ७’ असं लिहायला बसलात की चित्रात काय गाळता येईल तेही दिसतं.

हक्कांचा प्रश्न सोडू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, नेदरलँड्समध्ये ७० वर्षं हक्क राहतात. आपल्या विकत घेतलेल्या पुस्तकाची आपल्यापुरती फाइल करणं आणि ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. इथल्याच टॉम कॅबिनेट या डच कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ रोजी सांगितलं, की वापरलेली ई-पुस्तकं हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पुन्हा विकता येत नाहीत. कुलूप लावलेल्या फाइलचं कुलूप तोडू नका. पुस्तक अजून छापलं जात असेल तर प्रकाशकाला पत्र लिहा. ई-आवृत्ती मागणारा वाचक त्यांनाही हवा असतो.

शेवटची तपासणी माणसाकडून करून घ्या, आणि तेव्हा गप्प बसा. आई कापड पसरून बसली, बाजूला ई-रीडर, आणि मी समोर वही घेऊन. तिने किती वेळा पान मागे उलटलं तेवढंच मी टिपत होते, कारण मागे उलटलेलं प्रत्येक पान म्हणजे तिथे चित्र आणि वाक्य वेगळं पडलेलं. पहिल्या दिवशी सात वेळा. छातीचं माप सारखं पाहायला लागत होतं म्हणून मी ते प्रत्येक पायरीच्या शीर्षकाखाली लहान अक्षरात पुन्हा लिहिलं, आणि कटोरीची आकृती दोन ठिकाणी आणखी घातली. दुसऱ्या ब्लाउजला ती दोनदाच मागे गेली, दोन्ही वेळा बाहीच्या वळणापाशी. ती आकृती मी उद्या पुन्हा कापायला घेणार आहे.